माणसामागून चालणारी पट्टी

आज मी तंजावूरच्या राजवाड्यात, दरबार हॉलसमोरच्या चौकात बसून बोलतोय. मागे रंगवलेले खांब दिसतायत, तिथे भोसल्यांचा दरबार भरायचा. डावीकडे सरस्वती महाल ग्रंथालय आहे. कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं काढलंय, तेव्हा पैसे वसूल होईपर्यंत बोलणार. आज माझ्यासोबत मुलगा आणि तेरा वर्षांची नात आहे. ती दोघं आत कलादालनात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा बघतायत.

विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब वाट चुकले. विषय आहे अमेरिकेचा कर. अमेरिकेत राहणाऱ्यांचा नव्हे, तर अमेरिका सोडून दुसरीकडे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांना भरावा लागणारा. तंजावूरशी त्याचा काय संबंध, ते बोलता बोलता येईलच. आधी घरचं सांगतो, कारण हा विषय मला पुस्तकातून कळलेला नाही, माझ्या मुदत ठेवीतून कळला.

माझा मुलगा टेक्सासात नोकरीला होता. २०१४ मध्ये त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. खरं सांगतो, त्या दिवशी मी त्याच्याशी नीट बोललो नाही. मी मराठा लाइट इन्फंट्रीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस, शपथ म्हणजे काय ते मला माहीत आहे. २०१९ मध्ये त्याच्या आईचं दुखणं वाढलं, तेव्हा तो बायको आणि मुलीला घेऊन बेळगावला परत आला. २०२१ मध्ये त्याची आई गेली. तो इथेच राहिला, इथेच नोकरी करतो, भारत सरकारला कर भरतो.

परत आल्यावर मी काय केलं, तर आपल्याकडचा प्रत्येक बाप करतो तेच. ग्रॅच्युइटीच्या आणि भविष्य निर्वाह निधीच्या मुदत ठेवींवर त्याचं नाव दुसरं लावलं. उद्या माझं काही झालं तर पोराला बँकेत खेटे घालायला लागू नयेत. बँकेनं एक फॉर्म दिला, त्यात प्रश्न होता, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? त्यानं 'हो' वर खूण केली. खोटं बोलायचं कारण काय?

पाच-सहा वर्षांनी त्याच्या एका मित्राला सहज विचारल्यावर कळलं की ती खूण साधी नव्हती. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहो, त्यानं दर वर्षी अमेरिकेचं विवरणपत्र भरायचं असतं, जगभरच्या उत्पन्नाचं. शिवाय देशाबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खात्याची यादी वेगळ्या फॉर्मवर कळवायची. त्याला 'एफबार' म्हणतात. खातं एकट्याचं असो की जोडनावाचं. म्हणजे मी, जो आयुष्यात एकदाच वीस दिवस अमेरिकेत गेलो, त्या माझ्या बेळगावच्या ठेवी वॉशिंग्टनच्या कागदावर चढवायच्या होत्या. आणि माझ्या मुलानं त्या सहा वर्षं चढवलेल्या नव्हत्या.

आता मूळ मुद्दा. कर मागायला राज्यकर्त्यापुढे साधारण तीन वाटा असतात. तू माझ्या मुलखात राहतोस म्हणून दे. तू माझ्या मुलखात कमावतोस म्हणून दे. किंवा, तू माझा आहेस म्हणून दे, कुठेही अस. पहिल्या दोन वाटांनी जवळजवळ सगळं जग चालतं. भारतही. वर्षात १८२ दिवस इथे राहिलात की तुम्ही इथले करदाते, पासपोर्ट कुठलाही असो. तिसरी वाट गंभीरपणे चालवणारे देश दोन धरले जातात. एक अमेरिका आणि दुसरा आफ्रिकेतला इरिट्रिया. तो परदेशी गेलेल्या आपल्या लोकांकडून दोन टक्के मागतो.

ही तिसरी वाट आपल्या इतिहासात कुठे दिसते, असं मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर या वाड्यात मिळालं.

१६७७ चा जुलै. शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर आलेले. कोल्लिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमलवाडीला त्यांची आणि सावत्र भाऊ व्यंकोजीराजांची भेट झाली. शहाजीराजे जाऊन तेरा वर्षं झाली होती. महाराजांचं म्हणणं होतं की वडिलांच्या दक्षिणेतल्या दौलतीचा अर्धा वाटा आपला. व्यंकोजीराजे या मुलखात राहत होते, त्यांनी तंजावूर स्वतः घेतलं होतं, आणि ते स्वतःला विजापूरच्या आदिलशाहीचे चाकर मानत होते. महाराज तोवर या भागात कधी राहिलेले नव्हते. तरी मागणी उभी राहिली, कारण ती जन्माची होती. बखरी सांगतात, व्यंकोजीराजे एका रात्री कोणाला न कळवता नदी उतरून निघून गेले. पुढे लढाई झाली, मग रघुनाथपंत हणमंते आणि दीपाबाईंच्या मध्यस्थीनं तह झाला.

आता कोणी हुशार श्रोता म्हणेल, वारसा आणि कर एक नव्हे. मान्य. मी एक म्हणतही नाही. पण हक्काचं मूळ बघा. माणूस कुठे राहतो याच्याशी देणं घेणं नाही, तो कोणाचा आहे एवढंच विचारायचं. त्या रात्री नदी उतरणाऱ्या माणसाकडे मी पूर्वी पळपुटा म्हणून बघत असे. हल्ली तसा बघत नाही.

ही गोष्ट इथे संपली नाही. १७१९ मध्ये शाहू महाराजांना दिल्लीच्या बादशाहकडून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. चौथाई म्हणजे शेकडा पंचवीस, सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. त्या हक्काच्या कक्षेत म्हैसूर, त्रिचनापल्ली आणि तंजावूरही धरलेलं होतं. म्हणजे साताऱ्याच्या भोसल्यानं दिल्लीच्या कागदावर तंजावूरच्या भोसल्याकडे चौथाई मागायची! दुसरीकडे अर्काटचा नवाब पेशकश मागायला उभाच होता. त्याचं म्हणणं, मी बादशाहचा प्रतिनिधी, तुम्ही बादशाहचे मांडलिक. १७६२ मध्ये प्रतापसिंहराजांना तह करावा लागला. बाकी म्हणून २२ लाख रुपये हप्त्यांनी, आणि पुढे दर साल ४ लाख पेशकश. जामीन कोण, तर ईस्ट इंडिया कंपनी. एका गायीच्या गळ्यात तीन दावी, आणि प्रत्येक दावं धरणारा म्हणतो, दूध माझं.

तुळजाराजांच्या वेळी दावी आवळली गेली. बाकी थकली, नवाबानं कंपनीची फौज भाड्यानं आणली, आणि १७ सप्टेंबर १७७३ ला तंजावूरचा किल्ला पडला. तुळजाराजे कुटुंबासह कैदेत गेले. नवाबाचा यात स्वार्थ काय होता? तो कर्जात बुडालेला होता, आणि सावकार कोण, तर मद्रासमधले कंपनीचेच नोकर. पॉल बेनफिल्ड नावाच्या एकानं पुढे दावा केला की तंजावूरच्या महसुलावर त्याचे १,६२,००० पौंड नवाबाकडून येणं आहेत, शिवाय इथल्या माणसांना उभ्या पिकावर दिलेलं कर्ज वेगळं. कावेरीकाठच्या शेतकऱ्याचं भात शेतात उभं असतानाच मद्रासच्या एका कारकुनाच्या वहीत जमा झालेलं होतं.

इथे अमेरिका येते, आणि मी ओढूनताणून आणत नाही. तंजावूर पडलं त्याच वर्षी, १६ डिसेंबर १७७३ ला, बॉस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. तो चहा कोणाचा? याच ईस्ट इंडिया कंपनीचा. कंपनी डबघाईला आली होती, तिला वाचवायला ब्रिटिश संसदेनं चहाचा कायदा केला, आणि अमेरिकनांनी विचारलं, तिथे आमचा प्रतिनिधी नाही, मग कर का द्यायचा? तीन महिन्यांच्या अंतरानं एकाच कंपनीनं इथे किल्ला घेतला आणि तिथे चहा गमावला. १७७६ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर लॉर्ड पिगट स्वतः इथे आला आणि लंडनच्या हुकमाप्रमाणे त्यानं तुळजाराजांना गादीवर बसवलं. जुलैमध्ये अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं. ऑगस्टमध्ये पिगटला त्याच्याच कौन्सिलातल्या मंडळींनी अटक केली, कारण बेनफिल्डसारख्यांचे दावे त्यानं मानले नाहीत. पुढच्या वर्षी तो कैदेतच मेला. अमेरिकेत यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेनं हत्यारं ठेवली तोच कॉर्नवॉलिस पुढे आपला गव्हर्नर जनरल झाला, आणि अमरसिंहराजांशी त्याच्या काळात तह झाले. जग तेव्हाही लहानच होतं.

तर ज्या देशाचा जन्मच कराच्या भांडणातून झाला, तो देश आज बेळगावात राहणाऱ्या माणसाकडे हिशेब का मागतो? याचं मूळ त्यांच्या यादवी युद्धात आहे. १८६१ नंतर लिंकनच्या सरकारला पैसा हवा होता, तेव्हा पहिला आयकर आला, आणि देश संकटात असताना युरोपात जाऊन राहणाऱ्या श्रीमंतांना सुटू द्यायचं नाही म्हणून परदेशातले नागरिकही त्यात धरले. फौजी म्हणून मला यात काही चूक वाटत नाही. लढाईच्या वेळी जो निघून जातो त्याला बिल पाठवावं. पण लढाई संपली, आणि १९१३ मध्ये आयकर कायमचा आला तेव्हा ही रीतही सोबत आली.

तिला आव्हान दिलं कुक नावाच्या माणसानं. तो मेक्सिको शहरात राहायचा, त्याची मालमत्ता मेक्सिकोतच होती. १९२४ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं 'कुक विरुद्ध टेट' या खटल्यात निकाल दिला की सरकारचं संरक्षण नागरिकाला आणि त्याच्या मालमत्तेला कुठेही असला तरी मिळतं, म्हणून कराचा हक्कही कुठेही पोचतो. शंभर वर्षं झाली, इमारत त्याच पायावर उभी आहे. मला हा तर्क ओळखीचा वाटतो. नवाबही तुळजाराजांना दुसरं काय सांगत होता? तुमच्या डोक्यावर बादशाहचं छत्र आहे, त्याची किंमत द्या. छत्रातून पाणी गळतंय की नाही, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी गैरलागू.

बरं, प्रत्यक्षात कर खूप द्यावा लागतो का? हे नीट समजून घ्या, कारण अनेक मराठी घरांत गैरसमज इथेच आहे. बहुतेकांना कर शून्य किंवा थोडका येतो. परदेशातला पगार एका मर्यादेपर्यंत वगळता येतो, २०२५ साठी ती मर्यादा १,३०,००० डॉलर आहे. भारतात भरलेल्या कराची वजावटही मिळते. माझ्या मुलाचा पगार त्या मर्यादेच्या खूपच आत. म्हणून तो म्हणाला, देणं काही नाही, मग फॉर्म कशाला? चूक इथे झाली. ती सूट आपोआप मिळत नाही, फॉर्म भरून मागावी लागते.

आणि ती सूट फक्त कमाईला. व्याज, भाडं, शेअरचा नफा यांना नाही. आपल्याकडे पीपीएफचं व्याज करमुक्त, त्यांच्याकडे नाही. आपला साधा म्युच्युअल फंड त्यांच्या कायद्यात 'परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी' ठरतो. त्याच्या नफ्यावर वरच्या दरानं कर, वर मागच्या वर्षांचं व्याज, आणि फंडागणिक वेगळा फॉर्म. मुलानं दर महिन्याला पाच फंडांत थोडे थोडे पैसे घातले होते, सगळे शहाणे लोक घालतात तसे. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १९८९ चा आहे, पण त्यातच एक कलम आहे की अमेरिका आपल्या नागरिकांवर करार नसल्यासारखा कर लावू शकते. हे कलम वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं.

पूर्वी हे सगळं कागदावर होतं, कोणी विचारत नव्हतं. २०१० मध्ये 'फॅटका' कायदा आला. जगातल्या बँकांना सांगितलं, तुमच्याकडचे आमचे नागरिक कळवा, नाही तर अमेरिकेतून तुम्हाला येणाऱ्या रकमांवर ३० टक्के कापून घेऊ. ९ जुलै २०१५ ला भारतानं करारावर सही केली. तेव्हापासून आपल्या बँका आपल्या आयकर खात्याला कळवतात आणि खातं तिकडे पाठवतं. ती 'हो' वरची खूण इथे पोचली होती. जुन्या काळी चौथाई वसूल करायला कमाविसदार पाठवावा लागे, त्याला घोडं, वैरण, दहा शिपाई. आता वसुली करणाऱ्याला बाहेर पडावंच लागत नाही. ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्याच गावची बँक कमाविसदार.

दंडाचं एक उदाहरण सांगतो. बिटनर नावाचा माणूस रुमानियात जन्मला, अमेरिकेचा नागरिक झाला, १९९० मध्ये मायदेशी परतला. त्यानं पाच वर्षांत २७२ खाती कळवली नाहीत, जाणूनबुजून नव्हे, माहीत नव्हतं म्हणून. सरकारनं खात्याला १०,००० डॉलर धरून २७ लाख २० हजार डॉलर दंड लावला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की दंड खात्यामागे नाही, वर्षाच्या फॉर्मामागे. दंड ५०,००० वर आला. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? जे मोठे आहेत ते वकील करून सुटतात. ब्रिटनचे बोरिस जॉन्सन न्यूयॉर्कमध्ये जन्मले, लहानपणीच परतले. लंडनमधलं घर विकल्यावर अमेरिकेनं त्यांच्याकडे कर मागितला. आधी नाही म्हणाले, मग भरला, आणि २०१६ मध्ये नागरिकत्व सोडलं.

दुसरी बाजू मला टाळायची नाही. परदेशातला अमेरिकन नागरिक त्यांच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, तेव्हा बॉस्टनची घोषणा त्याला पूर्ण लागू होत नाही. कोव्हिडच्या काळात आपला पासपोर्ट किती कामाचा आहे ते अनेकांना कळलं. आणि भारत यात अगदी सोवळा आहे असंही समजू नका. २०२० च्या अर्थसंकल्पात आपणही एक कलम आणलं. भारतीय नागरिकाचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि तो जगात कुठेच करदाता नसेल, तर त्याला भारताचा रहिवासी मानायचं. परदेशातली खरी कमाई त्यातून बाहेर ठेवली आहे. पण दार किलकिलं झालंय. आखातातल्या आपल्या लोकांनी त्यावर नजर ठेवावी.

माझ्या मुलाचं पुढे काय? जुनी चूक जाणूनबुजून केलेली नसेल, तर तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सहा वर्षांचे एफबार भरून वाट सरळ करता येते, परदेशात राहणाऱ्याला त्यात दंड नाही. ते काम सध्या चालू आहे. हिशेबनीसाची फी त्याला निघणाऱ्या कराच्या कितीतरी पट आहे. माझ्या ठेवींवरून त्याचं नाव मी काढलं, नामनिर्देशन ठेवलं. तुमच्या घरी मुलगा-मुलगी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले असतील, तर जोडनावं लावण्याआधी हा भाग त्यांना पाठवा. ग्रीनकार्ड वापरात नसलं तरी रीतसर परत करेपर्यंत हे सगळं लागू असतं.

मग नागरिकत्वच सोडावं का? घरात हा विषय गेले चार महिने जेवणाच्या ताटावर आहे. २०१० पर्यंत सोडायला काही फी नव्हती, त्या वर्षी ४५० डॉलर झाली, २०१४ मध्ये २,३५०. सोडण्याआधी पाच वर्षांचे कर नीट भरल्याचं प्रमाण द्यायचं. आणि सोडून जायचं कुठे? तो ओसीआय आहे, भारताचा नागरिक नाही. पाच वर्षं ओसीआय आणि अर्जाआधी एक वर्ष इथे राहिलेल्याला भारताचं नागरिकत्व मागता येतं, पण आपण दोन नागरिकत्वं चालू देत नाही. म्हणजे एक हात सोडायचा आणि दुसरा हात धरायला पुढे येईल यावर भरवसा ठेवायचा. २०१४ मध्ये शपथ घेतली म्हणून मी रागावलो होतो. आता ती मोडण्याची गोष्ट निघाली तर मलाच बरं वाटत नाही. मिठाचा हिशेब होतो, व्याजाचा फॉर्म आडवा आला म्हणून मीठ परत करायचं का? मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही फॉर्म भरत नाही म्हणून असं बोलता. त्याचं बरोबर आहे.

या वाड्यानं या भांडणाचा शेवटही पाहिलाय. १७९९ च्या तहानं सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीला दिला. त्यांना वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. किल्ला तेवढा राहिला. त्याच राजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. राज्य नसलं तरी आपण कोण हे दगडावर असावं, असं वाटलं असेल. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राशिवाय वारले, कंपनीनं राज्य खालसा केलं, आणि खासगी मालमत्ताही उचलली. दागिने, ग्रंथ, हत्ती-घोडे. कामाक्षीबाई राणीसाहेब कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो उलटवला. ही सार्वभौम सत्तेची कृती आहे, कोर्ट यात पडू शकत नाही, असं म्हटलं. त्यांच्या पेटीतला दागिना हा एका बाईचा की एका राज्याचा, हे त्या कोण आहेत यावरून ठरलं. मालमत्ता पुढे १८६२ मध्ये विधवा राण्यांना परत मिळाली, पण ती मेहेरबानी म्हणून.

हे बघा, आमची मंडळी आली. आम्ही चेन्नईला आलो होतो ते नातीच्या पासपोर्टासाठी. कर्नाटकातल्या लोकांचं काम तिथल्या वकिलातीत असतं, आणि सोळाच्या आतल्या मुलांसाठी आईबापांची संमती लागते. सूनबाई तिथूनच बेळगावला परतल्या, आम्ही तिघं रात्रीच्या गाडीनं इकडे आलो. नात टेक्सासात जन्मली, त्यातली पहिली सात वर्षंच तिथे होती. अल्पवयीन मुलाच्या वतीनं आईबाप नागरिकत्व सोडू शकत नाहीत, ते तिचं तिनं ठरवायचं. मुलगा आज उद्या काहीही ठरवो, तिचा हिशेब चालू राहणार. तिच्या नावानं मी दिवाळीत एक छोटी ठेव केली होती. ती कुठल्या फॉर्मात जाते, ते हिशेबनीसाला विचारायचं राहिलंय.

तिनं मघाशी मला विचारलं, "आजोबा, व्यंकोजीराजांनी अर्धं दिलं का शेवटी?" मी म्हटलं, काही दिलं, काही राखलं, बेंगळूरचा प्रांत महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी सोडला असं सांगतात. ती म्हणाली, "म्हणजे घेतलेल्यातलंच परत." मुलगा हसला. नवा पासपोर्ट टपालानं येणार आहे, मुदत पाच वर्षांची. संपेल तेव्हा ती अठराची असेल.